पिशवीत पाच अर्धवट विणकामं, सहा कुंड्या गेल्या, नातू स्वेटर घालत नाही: सोडून देऊ का?

ताई, तुम्ही काय लिहिलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझं समजण्यात काही चुकलं असेल तर तिथेच सांगा. रिटायर होऊन ७ महिने झाले. नोकरीत असताना क्रोशे आणि झाडं दोन्ही कसंबसं चालायचं, तेव्हा मनात असायचं की एकदा मोकळी होऊ दे मग बघा. आता मोकळ्या झालात तर पिशवीत पाच कामं अर्धवट पडलीयत, ११ कुंड्यांपैकी ६ गेल्या आणि त्यातल्या चार तर नोकरीच्या काळात वर्षानुवर्षं जगलेल्या होत्या, रात्री उजव्या हाताला मुंग्या येतात, मुलगा-सून कामावर गेले की ५ वर्षांचा नातू आणि ११ महिन्यांची नात तुमच्याकडे, आणि या सगळ्यावर कडी म्हणजे दोन महिने खपून केलेला स्वेटर नातू अंगाला लावू देत नाही. शेवटचं वाक्य तुमचंच, "मला हे जमतच नाही बहुतेक, सोडून देऊ का?"

सोडू नका, पण आत्ता जसं चाललंय तसंही चालवू नका.

मला रिटायर होऊन १४ वर्षं झाली. क्रोशे ३५ वर्षं करतेय, गेली दहाएक वर्षं शिकवतेही, आणि चार नातवंडं माझ्या हाताखालून मोठी झालीयत. शिकायला येणाऱ्या बायकांत अर्ध्याअधिक तुमच्यासारख्याच, नुकत्या रिटायर झालेल्या, त्यामुळे तुमची गोष्ट मला अजिबात नवीन नाही. काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत त्या मी इथे बसून ठरवू शकत नाही, म्हणजे हाताचं नेमकं दुखणं काय ते डॉक्टरच सांगणार, बाल्कनीत ऊन किती तास येतं ते तुम्हालाच माहीत, आणि मुलं दिवसातून किती तास तुमच्याकडे असतात ते तुम्ही लिहिलेलं नाही. पण बाकीच्याबद्दल बोलते.

तुम्ही म्हणताय आता वेळ आहे तरी होत नाही. वेळ आहे हो, पण तो सलग नाहीये. नोकरीत असताना रात्री ९ ते १० एक तास मिळत असेल तर तो अख्खा तास तुमचा होता. आता दिवसाचे चार तास मिळत असतील पण ते पाच-पाच मिनिटांच्या तुकड्यांत, मधे कोणीतरी रडतंय, कोणाला शू आलीय, कोणी काहीतरी तोंडात घातलंय. म्हणून मी कुठलंही काम हातात घेण्याआधी स्वतःला एकच विचारते, हे मधेच खाली ठेवता येतं का? सोपं की अवघड, सुंदर की साधं, ते सगळं नंतर.

आता हे क्रोशेला लावून बघा. क्रोशेत सुईवर एका वेळी एकच टाका जिवंत असतो. तो लूप जरा मोठा ओढून सोडला किंवा त्यात वेगळ्या रंगाचा धागा अडकवला की कामाला काही होत नाही, नातवानं ओढलं तरी फार तर चार-सहा खांब (म्हणजे क्रोशेतले उंच टाके) उसवतील. दोन सुयांच्या विणकामात मात्र सगळेच्या सगळे टाके सुईवर उघडे असतात, तुमच्या मफलरला समजा ६० टाके असतील तर मुलानं सुई उपसली की ६० च्या ६० हवेत, आणि त्यातला एक जरी खाली घसरला तरी शिडीसारखा ओळीमागून ओळ सुटत जातो. माझ्या थोरल्या नातवानं एकदा नेमकं हेच केलं होतं, मी दार उघडायला गेले आणि परत आले तर हे महाराज दोन्ही हातांत एकेक सुई घेऊन ढोल वाजवत होते. त्या दिवसापासून मुलं घरात असताना दोन सुयांचं काम बाहेर काढायचं नाही म्हणजे नाही. सुया टोकदार असतात ते वेगळंच.

तुमची पाच कामं तुम्ही लिहिलीयत: नातीचं पांघरूण, बारीक धाग्याचा टेबलक्लॉथ, अस्वल, मफलर, आणि सुनेसाठी पिशवी. मफलर रात्रीचा, मुलं झोपल्यावर किंवा घरी गेल्यावर. टेबलक्लॉथ सरळ कपाटात ठेवा, बारीक धागा, मोजणीचं डिझाइन, त्यात एक टाका चुकला की तीन ओळींनंतर कळतं, ते काम सलग दोन तास मिळणाऱ्या माणसाचं आहे. अस्वल गोल गोल विणायचं असतं, फेरी कुठे सुरू झाली तेच कळत नाही, त्यामुळे तेही मधेच सोडण्यासारखं नाही, निदान मार्करशिवाय, म्हणजे टाक्यात अडकवायच्या खुणेशिवाय तरी नाही. राहिली पिशवी आणि पांघरूण. पिशवी सरळ ओळींची आहे असं दिसतंय, ती दिवसाची. एकच. दिवसा हातात एकच काम असायला पाहिजे.

पांघरुणाचं गणित मुद्दाम करून दाखवते कारण आपण कधी करतच नाही. ९० बाय ९० सेंटीमीटरचं, साधे खांब, मध्यम जाडीची लोकर, ४ नंबरची सुई धरू. माझ्या हाताला १० सेंटीमीटरमध्ये १४ खांब आणि उभ्यात ८ ओळी बसतात. म्हणजे रुंदीला १२६ खांब, लांबीला ७२ ओळी, एकूण ९,०७२ खांब. मी एकदा घड्याळ समोर ठेवून मोजलं, घाई न करता मिनिटाला १० खांब होतात. म्हणजे ९०७ मिनिटं, १५ तास निव्वळ विणायचे, त्यात किनार, टोकं लपवणं आणि उसवणं धरलेलं नाही. रोज खरेखुरे ४० मिनिटं मिळाली तर साधारण २३ दिवस, एकही खाडा न करता. आणि एक ओळ साडेबारा मिनिटांची, तुम्हाला सलग जेमतेम पाच मिनिटं मिळतात. अशी पाच कामं एकदम काढलीत तर ती अर्धवट राहणारच हो, त्यात जमत नाही असं काय आहे?

अर्धवट काम अर्धवटच का राहतं त्याचं अजून एक अगदी क्षुल्लक कारण सांगते, शिकायला येणाऱ्या दहापैकी आठजणींच्या पिशवीत हेच असतं. पहिल्या कामातली ४ नंबरची सुई दुसऱ्या कामासाठी काढून घेतलेली असते. मग महिन्यानं ते काम हातात घेतलं की सुई कुठली होती आठवत नाही, कितवी ओळ आठवत नाही, लोकरीच्या गुंड्यावरचा कागद टाकून दिलेला असतो त्यामुळे अजून लोकर आणायची तर तो लॉट नंबर, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा नंबर, मिळत नाही, आणि लॉट वेगळा असला की तोच रंग असूनही उन्हात धरल्यावर पट्टा दिसतो. हे सगळं डोक्यात नकळत चालू असतं म्हणून पिशवीला हात लावावासा वाटत नाही आणि आपण म्हणतो कंटाळा आला. माझ्याकडे प्रत्येक कामाची वेगळी चेन असलेली पिशवी असते, आत एक चिठ्ठी, तिच्यावर सुईचा नंबर, कितवी ओळ झाली, आणि गुंड्याचा कागद त्याच चिठ्ठीला टाचलेला. खाली ठेवायच्या आधी दहा सेकंद लागतात लिहायला. पिशवी मात्र उंच खुंटीवर. ११ महिन्यांचं बाळ रांगत असताना कात्री, शिवायची सुई, सेफ्टी पिन, ते छोटे प्लास्टिकचे मार्कर यातलं काहीच खाली नको, मार्कर म्हणून वेगळ्या रंगाचा दोन बोटं धागा वापरा, तेवढ्यानं काम भागतं. आणि लोकरीचा लांब धागा जमिनीवर पसरलेला ठेवू नका, मानेभोवती गुंडाळला जाऊ शकतो.

बाळाच्या पांघरुणाबद्दल अजून एक, विषय निघालाच आहे तर. वर्षाच्या आतल्या बाळाला झोपवताना सुटं पांघरूण, उशी, मऊ खेळणी जवळ ठेवू नयेत असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, चेहऱ्यावर आलं तर बाळाला बाजूला करता येत नाही. तुमचं पांघरूण पुरं होईपर्यंत नात वर्षाची होऊन जाईल. तोवर झालंच तर जमिनीवर खेळायला अंथरा, तुमच्या डोळ्यासमोर. फक्त जाळीचं डिझाइन असेल तर मोठी भोकं नकोत, बोटं अडकतात. आणि अस्वलाचे डोळे धाग्यानं भरून काढा, प्लास्टिकचे डोळे नकोत, पाकिटावर सेफ्टी लिहिलेलं असलं तरी तीन वर्षांच्या आतल्या मुलाला ते देत नाहीत. अस्वलाला सुई लोकरीच्या कागदावर लिहिलीय त्याच्यापेक्षा एक नंबर बारीक घ्या, म्हणजे वीण घट्ट येते आणि आतला कापूस बाहेर डोकावत नाही.

आता स्वेटर. यावर तुम्ही सगळ्यात जास्त दुखावल्या आहात असं वाचताना वाटलं, म्हणून जरा सावकाश लिहिते.

५ वर्षांच्या मुलाला "मला हे आवडत नाही" एवढंच सांगता येतं, का ते सांगता येत नाही. स्वेटर न घालण्याची माझ्या पाहण्यातली कारणं बहुतेक वेळा दोनच असतात. एक म्हणजे डोकं जात नाही. मुलांचं डोकं अंगाच्या मानानं मोठं असतं, आपण छाती मोजतो, उंची मोजतो, डोकं मोजतच नाही. गळ्याची पट्टी शेवटी करायची म्हणून कंटाळून घट्ट हातानं केली जाते, मग घालताना कान दुमडतात, क्षणभर अंधार होतो, मूल घाबरतं, आणि एकदा घाबरलं की तो स्वेटर दिसला तरी पळतं. दुसरं कारण टोचणं. मानेला आणि मनगटाच्या आतल्या बाजूला लोकर लागते तिथे. तुमच्या हाताच्या तळव्याला ती मऊ लागेल, तिच्यावर जाऊ नका, स्वतःच्या गळ्याला दहा मिनिटं लावून बसा आणि मग सांगा.

तुम्ही करायचं असं की नातवाच्या डोक्याचा घेर कपाळावरून मोजा, आणि गळा दोन्ही हातांनी पूर्ण ताणून त्याचा घेर मोजा. गळ्याचा घेर कमी भरला तर उत्तर मिळालं. गळ्याची पट्टी शेवटी विणलेली असते त्यामुळे तेवढीच उसवता येते, बाकी स्वेटरला धक्का लागत नाही. ती उसवा, एक नंबर मोठी सुई घ्या, सैल हातानं परत करा, किंवा एका खांद्याची शिवण तीन इंच उकलून तिथे दोन बटणं लावा, घट्ट शिवून. टोचत असेल तर गळ्याच्या आतून मऊ सुती कापडाची पट्टी शिवायची. हे सगळं एका दुपारचं काम आहे, दोन महिन्यांचं नाही.

आणि पुढचा स्वेटर करायच्या आधी, छाती मोजून त्यात ६ ते ८ सेंटीमीटर वाढवा, गळ्यापासून खाली विणायचा प्रकार घ्या, म्हणजे पुढच्या वर्षी खालची किनार उसवून लांबी वाढवता येते, बाह्यांचीही. मी पहिल्या नातीचा स्वेटर इतका नेमक्या मापाचा आणि इतका सावकाश केला होता की शिवून झाला तेव्हा तो तिच्या कोपरापर्यंतच आला. बसले मग उसवत. उसवलेल्या लोकरीला वळ्या पडलेल्या असतात, तिची लड करून कोमट पाण्यात बुडवायची आणि काहीतरी जड अडकवून टांगून वाळवायची, पुष्कळ सरळ होते, वाया जात नाही. त्याच लोकरीचे पुढे मोजे झाले.

कोणी आपण केलेलं वापरत नाही याबद्दल माझं मत जरा कडक आहे, राग मानू नका. न विचारता केलेली वस्तू ही आपली हौस असते, घेणाऱ्यावर तिचं ओझं पडतं. माझ्या सुनेला मी मोठ्या कौतुकानं एक टेबलक्लॉथ दिला होता, चार महिने लागले होते, तो दोन वर्षांनी कपाटात कागदातच गुंडाळलेला सापडला. चार दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही. मग सरळ विचारलं, तुला काय पाहिजे गं? ती म्हणाली, "आई, गरम भांडी ठेवायला जाडसर काहीतरी द्याल का, दुकानातलं सगळं सरकतं." बस. दोन संध्याकाळींत झालं, जाड सुती धागा, दोन थर एकमेकांना जोडलेले. (सुतीच घ्या हं त्यासाठी, अॅक्रिलिक उष्णतेनं वितळतं.) ते आजही रोज वापरात आहे, तिसरा जोड चाललाय. तुमच्या त्या पिशवीबद्दलसुद्धा सुनेला आत्ताच विचारून घ्या, रंग दाखवा, पट्टा खांद्यावर हवा की हातात ते विचारा. ती नको म्हणाली तर आत्ताच उसवलेलं बरं.

हाताबद्दल थोडक्यात, पण हे पुढे ढकलू नका. मुंग्या अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेच्या अंगठ्याकडच्या अर्ध्या भागात येत असतील, करंगळीला येत नसतील आणि रात्री जास्त होत असतील, तर बहुतेक वेळा मनगटातून जाणारी नस दबत असते, कार्पल टनेल म्हणतात ते. डॉक्टरांना दाखवा. साखर आणि थायरॉइड तपासायला सांगितलं तर वैतागू नका, दोन्हींचा याच्याशी संबंध असतो. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा लावून झोपायला सांगतात, मला त्यानं पहिल्या दोन आठवड्यांतच फरक पडला होता, पण तो माझा हात होता. हातातून वस्तू निसटायला लागल्या किंवा अंगठ्याच्या बुडाचं मांस कमी झाल्यासारखं वाटलं तर मात्र एक दिवसही थांबू नका. विणताना २० मिनिटांचा टायमर लावा, मोबाइलवर लावलात तरी चालेल पण तो दूर ठेवा म्हणजे बंद करायला उठावंच लागतं. जाड मुठीची सुई घ्या. सुती धागा ताणत नाही त्यामुळे सगळा ताण हातावर येतो, हात बरा होईपर्यंत लोकर किंवा अॅक्रिलिकच धरा. आणि रात्री काळ्या-निळ्या रंगाचं काम नको, वय वाढतं तशी डोळ्याची बाहुली लहान होत जाते, भिंगही पिवळट होतं, आत उजेड कमी पोचतो, मग आपण वाकतो, मग मान धरते, आणि दोष विणकामाला. दिवा डाव्या खांद्यामागून यायला हवा, उजव्या हाताच्या माणसाला.

आता कुंड्या, इथे तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे आणि ते वाचून मला हसू आलं, रागावू नका. चार झाडं नोकरीत असताना वर्षानुवर्षं जगली आणि तुम्ही घरी बसल्यावर सात महिन्यांत मेली. तेव्हा तुम्ही पाणी कधी घालायचात? तुम्हीच लिहिलंय, आठवड्यातून दोनदा, शनिवार आणि बुधवार. आणि आता? "रोज न चुकता सकाळ-संध्याकाळ." ताई, झाडं तुमच्या वेळ नसण्यावर जगत होती.

होतं असं की मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. माती कायम भिजलेली राहिली की मातीच्या कणांमधली हवेची जागा पाणी घेतं, मुळं गुदमरतात, सडतात, आणि सडलेल्या मुळाला पाणी वर चढवता येत नाही म्हणून वरची पानं माना टाकतात. आपण बघतो पान कोमेजलंय, म्हणजे तहानलंय, अजून घाला. कोरड्या कुंडीतलं झाड आणि बुडालेलं झाड वरून सारखंच दिसतं. फरक खाली असतो. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसा, ओलं लागलं तर आज पाणी नाही. कुंडी उचलता येण्यासारखी असेल तर उचलून बघा, पाणी घातल्यानंतरचं आणि कोरडी झाल्यावरचं वजन आठवडाभरात हाताला कळायला लागतं, मी आता एका बोटानं कलंडवूनच ओळखते. बघा रोज, पाणी मात्र रोज घालू नका. आणि हो, बघणं हे मधेच सोडता येणारं काम आहे, बाळाला कडेवर घेऊनही होतं.

मेलेल्यांपैकी एखादी कुंडी अजून टाकली नसेल तर उलटी करून मुळं बघा. पांढरट, टणक असतील तर कारण दुसरं काहीतरी. तपकिरी, लिबलिबीत, ओढल्यावर वरचं साल निघून आत दोऱ्यासारखं राहत असेल आणि कुबट वास येत असेल तर पाण्यानंच गेलंय. शेंड्याकडचा भाग हिरवा असेल तर झाड वाचवता येतं, १० ते १५ सेंटीमीटरची फांदी पेराच्या, म्हणजे पान फुटतं त्या गाठीच्या खालून कापायची, खालची पानं काढायची, आणि नव्या हलक्या मातीत खोचायची. मनी प्लांट किंवा कोलियस असेल तर नुसत्या पाण्यातही मुळं धरतात.

कुंडीच्या तळाला खडी घालता असं लिहिलंय, निचरा व्हावा म्हणून. मीही वीस वर्षं घातली. ती काढा. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या खडीत सहज उतरत नाही, वरची माती पुरती भिजून तुडुंब झाल्याशिवाय ते खाली सरकतच नाही. म्हणजे ओला थर आहे तेवढाच राहतो, फक्त खडीमुळे वर सरकतो, मुळांच्या अजून जवळ. भोकावर जाळीचा तुकडा ठेवा म्हणजे माती वाहून जाणार नाही, आणि वरपासून खालपर्यंत सारखीच भुसभुशीत माती भरा. खालच्या ताटलीत पाणी साठलं तर अर्ध्या तासानं ओतून द्या.

कुंडी बदलणं हे मात्र मधेच खाली ठेवता न येणारं काम. मुळं उघडी पडली की ती वाळायच्या आत लावून मोकळं व्हायला हवं, त्यात फोन वाजला, बाळ उठलं की संपलं. ते सुट्टीच्या दिवशी मुलगा-सून घरी असताना करा, टेबलावर, जमिनीवर उकिडवं बसून नको, आपल्या वयात पटकन उठलं की डोळ्यापुढे अंधारी येते. नवी कुंडी जुनीपेक्षा दोन-तीन बोटंच मोठी असू द्या, फार मोठी घेतली की जास्तीची माती ओलीच राहते.

बाळ रांगतंय तर डिफेनबेकिया आणि मनी प्लांट दोन्ही उंच ठेवा, पान चावलं तर तोंडात भयंकर आग होते, सूजही येते. कण्हेर असेल तर ती घरातच नको, तिचं पान-फूल-खोड सगळंच विषारी.

नातवाला बरोबर घ्यायचं म्हणताय तर त्याला पाणी घालायचं काम देऊ नका, तो तुमच्यापेक्षा जास्त घालेल. त्याला बोट खुपसून "ओलं का कोरडं" सांगायचं काम द्या, पाच वर्षांच्या मुलाला मातीत बोट घालायची परवानगी म्हणजे पर्वणीच. पेरायला मुळा द्या, चार-पाच दिवसांत वर येतो, किंवा सूर्यफूल, बी मोठं असतं, बोटांत धरता येतं. तीन आठवडे लागणारं काही देऊ नका, तो रोज उकरून बघणार. आणि क्रोशेची सुई त्याला आत्ता नको, बोटांनीच साखळी घालायला शिकवा, जाड लोकर आणि दोन हात, बास. माझा धाकटा नातू पावणेसहा वर्षांचा असताना त्यानं बोटांनी साखळी घातली ती दारापासून खिडकीपर्यंत गेली, मग त्याला ती सोडवायलाही तितकीच मजा आली.

मुलाशी आणि सुनेशी बोलायला तुम्हाला संकोच वाटतोय हे कळतंय, तुम्ही लिहिलंय "ते काय म्हणतील, घरीच तर असते". माझ्यावरही ती वेळ आली होती. मी बोलले तेव्हा "मला जमत नाही", "मी दमते" असलं काही बोलले नाही, त्यानं समोरच्याला अपराधी वाटतं आणि पुढे काही ठरत नाही. मी सरळ वेळ सांगितली, मंगळवार आणि शुक्रवार दुपारी ३ ते ५ मला माझी हवी आहे, त्या वेळेचं काय करता येईल ते तुम्ही बघा. मुलगा पहिल्यांदा गप्प बसला, सून म्हणाली, "आई, आधी का नाही सांगितलंत?" तुमच्याकडे असंच होईल असं नाही, घराघरावर आहे, त्यांच्या कामाच्या वेळांवर आहे. पण आठवड्यात दोन तासांचे दोन तुकडे सलग मिळाले तर तो कपाटातला टेबलक्लॉथ बाहेर काढता येईल, तो तेवढ्यासाठीच ठेवायला सांगितलाय.

या आठवड्यात एवढंच करा, डॉक्टरांची वेळ घ्या, नातवाच्या डोक्याचा घेर मोजा, आणि उरलेल्या पाच कुंड्यांना बोट खुपसून बघितल्याशिवाय पाणी घालू नका. अस्वल-बिस्वल नंतर बघू.

एक विचारायचं राहिलं. तुम्ही टाकलेल्या फोटोत डावीकडची दोन झाडं पांढऱ्या चकचकीत कुंड्यांत आहेत, तशा शोभेच्या कुंड्यांना पुष्कळदा तळाला भोकच नसतं. उचलून खालून एक फोटो काढून टाकाल का?